दर संध्याकाळी मुकं होणारं घर

माया मधाळेला इस्लामपुरात कुणी नव्यानं कामाला बोलावलं, की एक ठरलेला प्रसंग होतो. ती स्कूटर लावते, आडवी बांधलेली शिडी सोडते, पिशवी खांद्याला अडकवते आणि दारात उभी राहते. घरातलं माणूस तिच्याकडं बघतं, मग तिच्या मागं रस्त्यावर बघतं आणि विचारतं, "वायरमन मागनं येतोय का?" माया अंबाड्यात खोवलेला टेस्टर काढते आणि म्हणते, "आलाय की. मेन स्विच कुठं हाय?" वीस वर्षं हे असंच चाललंय आणि आता तिला त्याची मजा वाटते. सुरुवातीला राग यायचा. पण रागाच्या भरात शिडीवर पाय नीट पडत नाही, हे तिच्या लवकर लक्षात आलं.

हा धंदा तिच्यात आला तो वडिलांकडून. आण्णा साखर कारखान्याच्या इलेक्ट्रिक खात्यात हेल्पर म्हणून लागले आणि हेल्पर म्हणूनच निवृत्त झाले. साहेब लोक बदलले, मशिनरी बदलली, पण गळीत हंगामात दर तासाला मीटर वाचून तक्ता भरायचं काम कुणी आण्णांच्या हातून काढून घेतलं नाही, कारण त्यांचा कागद कधी कोरा राहायचा नाही आणि अक्षर असं की साहेबांनी बघत बसावं. मुलीनं आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स घेतला तेव्हा त्यांनी तिला टेस्टर दिला नाही, वही दिली. म्हणाले, "कवा बंद पडलं ते आदी लिवायचं. हात मागनं लावायचा." म्हणून मायाच्या पिशवीत पक्कडीच्या शेजारी कायम एक वही असते. अवघड काम असलं की त्या घराचं एक पान. रात्रीच्या जेवणाआधी आण्णा ती वही मागतात, चष्मा लावून वाचतात आणि खाली 'तपासले' असं लिहून सही करतात. चौऱ्याहत्तरीच्या माणसाला निवृत्त हो म्हणून किती वेळा सांगणार?

घरातून माया आणखी एक गोष्ट शिकली होती, ती मात्र कुणी बोलून शिकवली नव्हती. तिची आई चंद्राबाई हळदीच्या कामाला गावोगाव जायची. लहान माया बरोबर असायची. चहा मिळायचा, भाकरी मिळायची, सगळं मिळायचं, पण पडवीत. "आत येऊ नका" असं कुणी म्हणायचं नाही. म्हणायची वेळच येऊ द्यायची नाही, ही चंद्राबाईची रीत. ती रीत मायाच्या अंगात बसली. घरच्या बाईनं बोलावलं तर ती स्वयंपाकघरात जाते, पंखा लावते, मिक्सरचा पॉइंट काढते आणि बाहेर येते. बोलावलं नाही तर जात नाही. त्याचं तिला काही वाटायचंही बंद झालं होतं. चप्पल दारात निघते तसे तिचे पाय त्या उंबऱ्याशी थांबायचे.

गेल्या वर्षी गणपती गेले आणि पुढच्याच आठवड्यात तिला दुधगावहून फोन आला. तवनाप्पा मगदूम बोलत होते. जैन शेतकरी, वय अठ्ठ्याहत्तर, ऊस आणि हळद, बोलणं खणखणीत. बारा वर्षांपूर्वी त्यांच्या विहिरीवरचं वायरिंग मायानं केलं होतं आणि तेव्हापासून त्या घरात दुसऱ्या वायरमनचं पाऊल पडलं नव्हतं. एकदाच पडलं होतं, आणि त्याचीच तक्रार होती.

"माया, आमचं घर शानं केलंय म्हनं पोरानं," आप्पा म्हणाले. "सकाळी शानं असतंय. संध्याकाळ झाली की त्याला काय व्हतंय कुनास ठावं."

पोराचं नाव अतिशय. बेंगळुरूला मोठ्या नोकरीत. आदल्या उन्हाळ्यात आप्पा विहिरीजवळ पाय घसरून पडले होते आणि अर्धा तास तसेच पडून राहिले होते. शेजारच्या मानसिंगला दिसले म्हणून बरं. त्या अर्ध्या तासानं अतिशयच्या डोक्यात घर केलं. त्यानं पुण्याच्या एका कंपनीला सांगून गावातलं घर आपल्या फोनला जोडून घेतलं. अंधार पडला की दिवे आपोआप लागायचे, गॅस सुटला तर भोंगा वाजायचा, मागचं दार उघडं राहिलं तर बेंगळुरूत कळायचं. आई-वडिलांच्या खाटेजवळ एक लाल बटण होतं, ते दाबलं की अतिशयचा फोन वाजणार. कंपनीचा माणूस दोन तासांत सगळं चिकटवून गेला. जाताना म्हणाला, "सगळं बिनतारी आहे आजोबा. वायरमनची गरजच नाही."

हे वाक्य आप्पांनी मायाला मुद्दाम सांगितलं, आणि ते ऐकून ती दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच दुधगावात हजर झाली.

घर दगडी, तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं, भिंती चांगल्या दीड फुटी, वर स्लॅब. पुढं बसायचा सोपा, मध्ये स्वयंपाकघर, मागं झोपायची खोली आणि पडवी. सगळ्या यंत्रांचा मुख्य डबा, वायफायचा, सोप्यात टीव्हीशेजारी ठेवलेला. त्याला फांद्यांसारख्या चार दांड्या होत्या आणि एका दांडीवर आप्पांनी टोपी अडकवली होती. मायानं पहिल्यांदा टोपी काढली.

मग तिनं एकेक करून दुखणी शोधली. डब्याची पिन टीव्हीच्या बोर्डात सैल होती. तिनं वेगळा पॉइंट काढला. अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. तो तिनं मीठ-कोळसा घालून नव्यानं भरला. सकाळी सगळ्या गावाच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज लोळायचं आणि डबा गचके खायचा. त्याला तिनं बॅटरीचा आधार दिला. शेजारच्या तीन घरांतल्या डब्यांशी याची टक्कर होत होती; ती अतिशयला फोनवर सांगून सोडवली. आठ दिवसांत सकाळचं आणि दुपारचं बंद पडणं संपलं. वहीतलं पान सुधारत चाललं होतं.

पण संध्याकाळ काही सुधारेना. रोज पाच-वीस ते साडेपाचच्या दरम्यान मागच्या खोलीतलं सगळं बंद व्हायचं. लाल बटण, मागचं दार, पडवीतला दिवा, सगळं गप्प. सकाळी नऊनंतर आपोआप पुन्हा सुरू. अतिशयच्या फोनवर लाल अक्षरं यायची आणि तो घाबरून घरी फोन करायचा. तेव्हा आप्पा आणि गुणमालाकाकी जेवायला बसलेले असायचे, कारण दिवस मावळायच्या आत त्यांचं जेवण उरकलेलं असतं, आणि जेवताना आप्पा फोनला हात लावत नाहीत. मग अतिशय मानसिंगला फोन लावायचा. मानसिंग हातात काठी घेऊन धावत यायचा आणि दोघं ताटावर बसलेली बघून दारातच धापा टाकायचा. काकी त्याला पान वाढायच्या. असं महिन्यात अकरा वेळा झालं. मानसिंगचं म्हणणं एवढंच होतं, की धावायला त्याची ना नाही, पण आमटीत कांदा का नसतो.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, तोवर एक दिवस अतिशयनं मायालाच फोन केला. पोरगा वाईट नव्हता. उलट फार सरळ होता.

"मायाताई, रोज साडेपाचला माझा हात फोनकडं जातो," तो म्हणाला. "मीटिंगमध्ये असतो, समोर लोक बोलत असतात आणि मला विहीर दिसते. असं मी नाही जगू शकत. दिवाळीपर्यंत बघतो. सलग पंधरा दिवस एकदाही बंद न पडता चाललं, तर राहू देत त्यांना तिथं. नाहीतर दिवाळीनंतर दोघांना इकडं घेऊन येणार. खोली तयार करून ठेवलीय."

हे आप्पांना आणि काकींनाही माहीत होतं. आप्पांनी दोनदा बेंगळुरू बघितलं होतं. अठराव्या मजल्यावर राहायचं, खाली दिसणारी माणसं ओळखीची नाहीत आणि वर यायला बटण दाबावं लागतं, हे त्यांच्या आवडीतलं नव्हतं. काकींनी या वर्षी पापडाचं पीठ निम्मंच भिजवलं. का, म्हणून आप्पांनी विचारलं तर म्हणाल्या, "कुनी खायाला नगं व्हय?" ते मायानं पडवीतून ऐकलं.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी ती वही घेऊन आण्णांपुढं बसली. तेवीस दिवसांचं पान होतं. आण्णांनी बोट ठेवत ठेवत वाचलं.

"ह्ये तीन दिवस चालू कसं काय?"

"तेच कळंना. तीन दिवस संध्याकाळी एकदा बी गेलं न्हाई. वार येगळं, तारखांचा मेळ न्हाई. पाऊस न्हाई, लाइट तेवढीच."

आण्णा उठले, भिंतीवरचं तिथींचं कॅलेंडर काढून आणलं आणि वहीशेजारी ठेवलं. कारखान्यात त्यांनी अशीच दोन कागदं शेजारी शेजारी ठेवून कितीतरी भानगडी पकडल्या होत्या. त्यांचं बोट एकदा इकडं फिरलं, एकदा तिकडं.

"अष्टमी. चतुर्दशी. ही परत अष्टमी." त्यांनी चष्मा वर केला. "मशिनला तिथी कळत न्हाई, माया. मानसाला कळती. त्या घरात कोन त्या दिवशी काय येगळं करतंय, त्ये जाऊन इचार."

दसरा झाल्यावर दुसऱ्या दिवशी माया दुपारी चारला दुधगावात पोचली. गुणमालाकाकी मागच्या पडवीत होत्या. बारीक चणीची बाई, केस पांढरेशुभ्र, पण हंडा उचलताना अजून कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत. विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या बादल्या समोर होत्या आणि त्या जाड दुहेरी फडक्यातून पाणी गाळत होत्या.

"काकी, अष्टमीला संध्याकाळी तुमी काय करता?"

"काय करनार? उपास असतोय. चूल बंद. आप्पांचं एकदाच दुपारी जेवन."

"आन् चतुर्दशीला?"

"तवा बी तेच."

"मग रोज संध्याकाळी असं काय करता, जे त्या दिवशी करत न्हाई?"

काकींनी फडकं पिळायचं थांबवलं आणि विचार केला. "सैपाक. आन् ह्ये पानी. दिवस मावळायच्या आदी गाळून भरून ठेवायचं. अंधारात गाळलं तर पान्यातलं जीव दिसत न्हाईत. उपासाच्या दिवशी भांडी घासून पालथी घालती, भरत न्हाई."

"भरलेली भांडी कुठं ठेवता?"

"आत, वारं लागतंय तितं. ये, दाखवती." असं म्हणून काकी कळशी कमरेवर घेऊन आत गेल्यासुद्धा. आतून त्यांचा आवाज आला, "ही बघ हितं."

माया उंबऱ्याशी उभी राहून मान लांब करत होती. तिथून तिला फक्त चुलीचा कट्टा आणि काकींची पाठ दिसत होती.

"दिसलं का गं?"

"न्हाई काकी. जरा डाव्या बाजूला काय हाय ते सांगता का?"

काकी परत दारात आल्या. त्यांनी मायाच्या तोंडाकडं बघितलं, मग तिच्या पायांकडं बघितलं. उंबऱ्याच्या बाहेर, नीट जुळवून ठेवलेले दोन पाय. काकींना सगळं एकदम कळलं, आणि कळलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"बारा वर्सं येतीस तू," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, हिचं काम भाईरच असतंय."

"मला वाटायचं, बोलावल्याबिगर जाऊ ने."

"माझी सासू असती तर तिनं बोलावलं नसतं. ती गेली त्याला इस वर्सं झाली." काकी दारातून बाजूला झाल्या. "मी बी कवा म्हनले न्हाई. ते माझं चुकलं, माया. हातपाय धू आन् ये. आप्पास्नी बी हितं तसं सोडत न्हाई मी."

माया हातपाय धुऊन आत गेली. बारा वर्षांत या घराचा एकेक खिळा तिनं पाहिला होता, पण ही खोली तिच्या नकाशात पांढरीच राहिली होती. आणि सगळं दुखणं त्या पांढऱ्या जागेत होतं.

सोपा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दीड फुटी भिंतीत एक रुंद झरोका होता, ताटं पलीकडं द्यायला ठेवलेला. सोप्याच्या बाजूनं त्यावर विणलेला पडदा होता. मायानं तो महिनाभर रोज बघितला होता आणि मागं देवाचा कोनाडा असेल असं समजून कधी हात लावला नव्हता. सोप्यातल्या डब्याची हाक त्या झरोक्यातूनच मागच्या खोलीपर्यंत जात होती. दुसरीकडं सगळा दगड होता. आणि त्या झरोक्यात, वारा लागून पाणी गार राहावं म्हणून, काकी रोज संध्याकाळी भरलेल्या घागरी मांडायच्या. पुढं पाच पितळेच्या, मागं चार स्टीलचे हंडे, दोन तांब्याच्या कळशा, वर आडव्या टेकवलेल्या दोन पराती. सकाळचं पाणी संपलं की भांडी घासायला बाहेर जायची, आणि घराला वाचा फुटायची.

"आप्पा," मायानं हाक मारली, "सोप्यात फोन घेऊन बसा. मागच्या खोलीचं काय दिसतंय ते सांगा."

काकींनी रोजच्यासारखी भांडी मांडली. शेवटची परात टेकली आणि पलीकडून आप्पा म्हणाले, "गेलं."

मायानं दोन हंडे उचलले.

"बटन आलं. दार न्हाई."

आणखी एक घागर.

"दार आलं."

परत ठेवली.

"गेलं. आगं खेळतीस काय माझ्यासंगं?"

एवढ्यात मानसिंग काठी घेऊन धापा टाकत आत आला, कारण बेंगळुरूला लाल अक्षरं पोचली होती. आप्पा फोनकडं बघून "आलं, गेलं" म्हणतायत आणि आत दोन बायका घागरी इकडून तिकडं नाचवतायत, हे बघून तो काठीवर रेलून उभा राहिला आणि म्हणाला, "आज जेवान उशिरा हाय वाटतं."

हसू ओसरल्यावर काकी पाटावर बसल्या. "म्हंजे माझ्याच घागरी आमाला बेंगलोरला धाडत व्हत्या," त्या म्हणाल्या. मग पदरानं हात पुसत उठल्या. "उद्यापासनं भांडी पडवीत ठिवती. धूळ बसली तर बसू दे. पान्याचं मी बघीन कायतरी."

बोलता बोलता त्यांनी पुढची घागर पुसून जागेवर नीट बसवली. तीस वर्षं ती जागा पाण्याची होती. मायाला वाटलं, या बाईनं घरात राहण्यासाठी घरातलीच जागा सोडायची, हे काही खरं नाही.

"घागरी हालायच्या न्हाईत," ती म्हणाली. "काकी, तुमच्या घागरी आदीपासनं हितं हायेत. त्यो डबा काल आलाय. वाट त्यानं काढायची, तुमी न्हाई. बिनतारीचं लाड बास झालं. मी तार वडती."

दुसऱ्या दिवशी ती केबलचं भेंडोळं घेऊन आली. सोप्यातल्या डब्यापासून तार भिंतीवरून वर चढवायची, स्वयंपाकघराच्या छताखालून न्यायची आणि मागच्या खोलीत दुसरा छोटा डबा बसवून त्याला जोडायची. मग मधे घागरी असोत नाहीतर डोंगर. काम साधं होतं, पण दीड फूट दगडाला भोक पाडायचं होतं, तेही पाण्याच्या जागेच्या बरोबर वर. ड्रिल लावायच्या आधी काकींनी सगळी भांडी धुतल्या चादरींनी झाकली, चुलीवर पाट उपडा घातला, आणि मग मायाच्या डोक्यालाही एक फडकं बांधलं, धूळ केसात जाऊ नये म्हणून. आप्पांनी शिडी धरली. भोक पलीकडं निघालं तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. त्या संध्याकाळी अकराच्या अकरा भांडी काठोकाठ भरून जागेवर होती, आणि साडेपाचला आप्पा सोप्यातून म्हणाले, "चालू हाय." सहाला पुन्हा म्हणाले. साडेसहाला कुणी विचारलं नव्हतं, तरी म्हणाले.

पंधरा दिवस मोजायला सुरुवात झाली. माया काही रोज जाऊ शकत नव्हती. आप्पांनीच एक वही घातली आणि संध्याकाळी साडेपाचचं, सहाचं आणि साडेसहाचं असं लिहायला लागले. मानसिंगला धावायचं काम उरलं नाही, तरी तो जेवणाच्या वेळेला येऊन 'तपासून' जायचा. अकराव्या दिवशी परतीचा पाऊस आला, पिंपळाची फांदी तारेवर पडली आणि दुपारी तीनपासून सातपर्यंत गावात वीज नव्हती. माया इस्लामपुरात दुसऱ्याच्या छपरावर होती. तिचं लक्ष हातातल्या कामात नव्हतं. साडेपाचला तिनं फोन केला.

"चालू हाय," आप्पा म्हणाले. "सगळ्या गावात आमचंच घर जागं हाय. तुझी बॅटरी लय गुनाची निघाली."

पंधराव्या दिवशी ती स्वतः गेली. सव्वापाचला काकींनी शेवटची घागर भरली. साडेपाच झाले. मिनिटभरात आप्पांचा फोन वाजला. जेवायला बसायचं होतं तरी त्या दिवशी त्यांनी तो उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"आप्पा, सगळं ठीक आहे ना?" अतिशय विचारत होता. "आज काहीच आलं नाही फोनवर."

"गेलं पंधरा दिवस काय आलं न्हाई."

"हो. म्हणजे मला माहितीय. मोजतोय मी." तो म्हणाला. "पण साडेपाच वाजले की अजून हात फोनकडं जातोच. आज म्हटलं, नुसताच करावा."

काकी आतून आल्या. "असाच करत जा की रोज. बंद पडल्यावरच कशाला?" त्या म्हणाल्या. "आन् दिवाळीला, निर्वाण लाडवाला हिकडं ये. पापडाचं पीठ मी काल आनखी भिजवलंय."

पलीकडून अतिशयचा आवाज आला, "येतो, आई. सामान बांधायला नाही. लाडू खायला येतो." आप्पांनी फोन ठेवला आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसला. चष्म्यावर काही नव्हतं.

माया तोवर शिडी बांधायला निघाली होती. ऊन कलतं होतं, घसा कोरडा पडला होता. तिनं पडवीतून हाक मारली, "काकी, पानी देता का वाईच?"

काकींचे दोन्ही हात भाकरीच्या पिठात होते. त्यांनी मानही वळवली नाही.

"घागर कुठं हाय तुला ठावं हाय की. घे तुझ्या हातानं."

माया हातपाय धुऊन आत गेली. झरोक्यातली पुढची पितळेची घागर तिनं किंचित कलती केली, तांब्या भरून घेतला आणि तिथंच उभी राहून प्याली. पाणी गार होतं. घागर सरळ करून झाकण ठेवलं, तरी पलीकडून आप्पांचा आवाज आला, "चालू हाय."

रात्री आण्णांनी वही मागितली. दुधगावचं पान आता संपलं होतं. त्यांनी बोट ठेवून वाचलं. साडेपाच, चालू. पुन्हा साडेपाच, चालू. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. मायानं लिहिलं होतं, 'पाच वाजून चाळीस मिनिटं. आतल्या घागरीतलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं.'

"ह्ये कशाचं रीडिंग?" आण्णांनी विचारलं.

"त्याच घराचं," माया म्हणाली. "त्ये बी बारा वर्सं बंद व्हतं."

आण्णांनी पेन उघडलं, नेहमीच्या सुंदर अक्षरात खाली 'तपासले' लिहिलं, सही केली आणि वही परत न देता चंद्राबाईला वाचून दाखवायला आत घेऊन गेले.